पोपोल वुहच्या 'नोस्फेरातू'सारखा कॉयर आणि तंबोऱ्याचा थर घरच्या घरी कसा उभा करायचा?

काळीचौकट
११ मिनिटांची भयपट-लघुफिल्म आहे. पहिल्या दीड मिनिटात संवाद नाहीत, कॅमेरा फक्त रिकाम्या खोल्यांतून सरकतो. तिथे वर्नर हर्झॉगच्या 'नोस्फेरातू'च्या (१९७९) सुरुवातीला, ममींच्या दृश्यावर पोपोल वुह या जर्मन बँडचं जे संगीत आहे त्या जातीचं काही हवं आहे: खालच्या पट्टीतला संथ कॉयर, मागे घुमणारं काहीतरी आणि मधेच एक ओबो.

आत्तापर्यंत लॅपटॉपवरच्या तयार कॉयर-पॅडवर भरपूर रिव्हर्ब टाकून पाहिला. व्हिडिओ गेमच्या मेनूसारखं वाटतं. खाली तंबोऱ्याचं ॲप लावलं तर सगळंच बेसूर होतं, आणि दोन्ही एकाच पट्टीत असूनही असं का होतं ते कळत नाही.

हाताशी चार गाणारे पुरुष आहेत (त्यातला एकच शिकलेला), एक कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा इंटरफेस आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. दुसरा प्रश्न: नेमका कोणता अल्बम ऐकायचा? 'नोस्फेरातू' नावाने वेगवेगळ्या याद्या दिसतात. आणि मूळ रेकॉर्डिंगमध्ये कॉयर खरा आहे की मेलोट्रॉन?

रीळबाज
आधी अल्बमचा गुंता सोडवू, तो सोपा आहे.

मुख्य अल्बम म्हणजे 'ब्रुडर डेस शाटन्स – झ्योने डेस लिश्ट्स', १९७८, ब्रेन लेबल. चारच तुकडे. पहिला, शीर्षकाचाच, १८ मिनिटांच्या वर जातो आणि तुम्ही म्हणता तो कॉयर त्याच्याच सुरुवातीला आहे. दुसरा अल्बम 'ऑन द वे टू अ लिटल वे', फ्रान्समधल्या एग लेबलचा. त्यात छोटे छोटे तुकडे आहेत, काही इलेक्ट्रॉनिक. नंतरच्या सीडींवर दोन्हींतलं साहित्य 'नोस्फेरातू' नावाखाली एकत्र केलं गेलं, म्हणून याद्या जुळत नाहीत. तुमच्या कामासाठी पहिला अल्बम पुरे. तोही तुकडे करून नाही, पहिली बाजू सलग ऐका.

चित्रपटात ऐकलेलं सगळंच या अल्बमांवर सापडणार नाही. जोनाथन डोंगरातून पायी किल्ल्याकडे जातो तिथे वागनरच्या 'ऱ्हाइनगोल्ड'चा प्रारंभ आहे, शेवटी गुनोच्या मासमधला 'सांक्टुस' आहे आणि 'त्सिन्त्स्कारो' हे जॉर्जियन समूहगीतही आहे. यातलं काहीच पोपोल वुहचं नाही. दर काही महिन्यांनी कोणीतरी हे जॉर्जियन गाणं त्यांच्या अल्बमवर शोधत बसलेलं दिसतं.

कॉयर खरा आहे. म्युनिकमधल्या चर्चच्या गायकांचा. मेलोट्रॉनचा घोळ होतो तो 'अगिर्रे'मुळे (१९७२). त्या चित्रपटात पोपोल वुहच्या फ्लोरियान फ्रिकेने कॉयर-ऑर्गन वापरला होता. टेपवर साठवलेले मानवी आवाज कीबोर्डवरून वाजवायचं वाद्य, मेलोट्रॉनच्याच कुळातलं. 'नोस्फेरातू'त फ्रिके पियानोवर, गिटार आणि तालवाद्यं डॅनिएल फिशेलशरची, ओबो रॉबर्ट एलिस्कूचा, सतार आलोइस ग्रोमरची आणि तंबोरा टेड द योंगचा.

मंद्रसाधक
"एकाच पट्टीत असूनही बेसूर", याचं कारण ऐकण्यात नाही, तंबोऱ्याच्या भौतिकशास्त्रात आहे.

तुमचा कॉयर मायनर कॉर्डवर असणार. म्हणजे कोमल गंधार. तंबोरा त्याच षड्जावर पंचमात लावलेला असेल, तर त्यातून शुद्ध गंधार आपोआप उमटतो, कारण षड्जाच्या प्रत्येक तारेचा पाचवा स्वरांश (मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर) तिथेच पडतो, आणि जवारी, म्हणजे घोडीवर तारेला झंकार देणारी रचना, नेमके हे वरचे स्वरांशच उजळते. आकडे बघा. षड्ज पांढरी एक (सी) धरला तर खर्जाची तार ६५.४ हर्ट्झ, तिचा पाचवा स्वरांश ३२७. त्या पट्टीतला कोमल गंधार ३११. फरक १६ हर्ट्झचा. इतक्या जवळचे दोन सूर एकत्र वाजले की संथ आंदोलन येत नाही, नुसती खरखर येते. जोडीच्या तारा १३०.८ वर, त्यांचा पाचवा ६५४ वर, आणि तिथेही तेच भांडण. ॲपमध्ये तर जवारी बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त उघडी ठेवलेली असते.

एक इलाज म्हणजे इक्वलायझरने ३२७ आणि ६५४ वर अरुंद खाच पाडून ८–१० डेसिबल उतरवणं. होतं काम, पण तंबोऱ्याचा जीव जातो.

दुसरा इलाज जास्त चांगला: तंबोऱ्याचा षड्ज कॉयरच्या षड्जावर ठेवूच नका. कॉयर पांढरी सहाच्या मायनरमध्ये घ्या, म्हणजे ए, सी, ई. तंबोरा पांढरी एकवर राहू द्या, सी आणि जी. आता तंबोऱ्याचा षड्ज हाच कॉयरचा कोमल गंधार होतो, आणि तंबोऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार, म्हणजे ई, कॉयरचा पंचम होतो. जो सूर भांडत होता तोच आधार देतो. पंचमाची तार वरून कॉयरचा कोमल निषाद पुरवते. ऐकणाऱ्याला कॉर्ड काळोखी लागते, पण पायाखालचा सूर भलताच असल्यामुळे जमीन किंचित कललेली वाटते.

तंबोऱ्यातला ई ३२७ चा आणि कीबोर्डवरचा ३२९.६ चा. म्हणजे सेकंदाला अडीचेक आंदोलनं. ही ठेवा. कीबोर्डच्या ईला हट्टाने जुळवायला गेलात तर तो थरथराट जाईल आणि पुन्हा पॅडच उरेल.

चुंबकीफीत
मंद्रसाधक यांच्या मांडणीत एक सोय आपोआप आहे. गायकांकडून पांढरी एकच्या मायनरमध्ये गाऊन घ्या आणि रेकॉर्डिंग तीन अर्धस्वर खाली उतरवा. ते आपोआप पांढरी सहाच्या मायनरमध्ये येतं. टेपच्या काळापासूनची ही युक्ती आहे: फीत हळू चालवली की सूर उतरतो, आणि आवाजाचा आकारही मोठा वाटतो, कारण गळ्याचे नैसर्गिक अनुनादही सोबत खाली सरकतात. अल्बममध्ये हेच केलं असा माझा दावा नाही. तिथे मोठा कॉयर होता, तुमच्याकडे चार माणसं आहेत. चौघांना चाळीस भासवायला हा आधार लागतो.

वेग ८४.१ टक्के ठेवायचा. ६ सेकंद धरलेली कॉर्ड ७.१ सेकंदांची होते. रीपरमध्ये आयटमचा प्लेरेट ०.८४१ करा आणि 'प्रिझर्व्ह पिच'ची खूण काढा. ती खूण राहिली तर सूर तिथेच राहून नुसता वेळ ताणला जातो, आणि लांब स्वरांवर पाण्याखालून बोलल्यासारखी गुळगुळ येते. ऑडॅसिटीत करायचं तर 'चेंज स्पीड अँड पिच' हा इफेक्ट, नुसता 'चेंज पिच' नाही. चार अर्धस्वरांच्या खाली जाऊ नका, मग माणूस नाहीसा होऊन राक्षस येतो. तो या संगीतात नको आहे.

रेकॉर्डिंग असं. चौघांना एकाच माइकभोवती उभं करा, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक नको. पहिली फेरी १ मीटरवरून. दुसरी दीड मीटरवरून, जागा बदलून. तिसरी अडीच मीटरवरून. चौथी ३ मीटरवरून, भिंतीकडे तोंड करून. झाले सोळा आवाज, आणि खोलीच वेगवेगळं अंतर देते. दर फेरीत सूर वाटपही फिरवा, म्हणजे एकाच माणसाचा पंचम चारदा येणार नाही. शिकलेला गायक पहिल्या फेरीत खालच्या सुरावर ठेवा, नंतर त्याला मागे ढकला. तो पुढे राहिला की बाकीचे त्याचीच नक्कल करतात, आणि सोळा आवाजांचा एकच जाड माणूस होतो.

एक टेक कॉपी करून २० मिलिसेकंद सरकवण्याचा मोह होईल. करू नका. २५, ७५, १२५ हर्ट्झ अशा दर ५० हर्ट्झवर खाचा पडतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. दोन वेगळ्या टेकमध्ये हे होत नाही, कारण माणूस तीच चूक दोनदा तशीच करत नाही.

गायकांच्या कानात तंबोरा देऊ नका. त्यातला शुद्ध गंधार त्यांचा कोमल गंधार वर ओढतो. साध्या हार्मोनियमचा षड्ज-पंचम द्या, तोही एकाच कानात.

पंखा, फ्रिज बंद. चार ट्रॅक एकत्र केले की पार्श्वभूमीचा गोंगाट ६ डेसिबल वाढतो, आणि वेग उतरवल्यावर ५० हर्ट्झची घरघर ४२ वर जाते, जिथे ती लहान स्पीकरवर ऐकू येत नाही आणि थिएटरमध्ये छातीवर बसते. ६० हर्ट्झखाली कॉयरचं सगळं कापून टाका. ए चा खालचा सूर ११० वर आहे, त्याच्याखाली गाण्याचं काहीच नाही.

काळीचौकट
हे फारच उपयोगी आहे. तीन शंका. गायकांनी काय म्हणायचं, 'आ' की काही शब्द? दुसरी कॉर्ड कोणती? आणि ओबो वाजवणारा कोणी नाही, सॅम्पल चालेल का?

मंद्रसाधक
शब्द नको. मिटत्या 'ओ'पासून सुरुवात करून साधारण दोन सेकंदांत 'आ'पर्यंत उघडा, शेवटी पुन्हा 'ओ'. सगळ्यांनी एकदम सुरू करायचं नाही, एकाने धरलं की पुढच्याने आत यायचं. श्वासही पाळीपाळीने. चौघांचा श्वास एकत्र तुटला की तिथेच भ्रम फुटतो. 'स', 'श' असलेलं काहीही लांब रिव्हर्बमध्ये फुत्कारासारखं मागे रेंगाळतं.

दुसरी कॉर्ड एफ मेजर घ्या, एफ, ए, सी. गाताना ती ए-फ्लॅट मेजर असेल. दोन सूर पहिल्या कॉर्डचेच राहतात, फक्त ई चा एफ होतो. जी मेजर घेतलीत तर तिच्यातला बी तंबोऱ्याच्या सी शी अर्ध्या स्वरावर घासतो. भीतिदायक म्हणून काहींना आवडेल, पण दीड मिनिट तेच चाललं तर नुसता त्रास होतो. दोनच कॉर्ड, आलटून पालटून. तिसरी आणलीत की प्रेक्षक गोष्ट ऐकायला लागतो आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधतो.

रीळबाज
सॅम्पलचा ओबो चालेल, फक्त त्याला माणसासारखं वागवा. तयार लायब्ररीत प्रत्येक लांब सुरावर कंप एकाच वेळी, एकाच वेगाने सुरू होतो, तिथे तो पकडला जातो. कंप नसलेला आवाज निवडा, एक्स्प्रेशनचा कंट्रोलर हाताने फिरवून प्रत्येक सूर वेगळा चढवा, आणि कंप लागलाच तर फक्त शेवटच्या तिसऱ्या भागात. वाक्य १२–१५ सेकंदांचं चालतं. ओबोला हवा फार कमी लागते, वादकाची खरी अडचण उरलेला श्वास बाहेर टाकण्याची असते. त्यामुळे बासरीपेक्षा लांब वाक्यं नैसर्गिक वाटतात, पण वाक्यानंतर विश्रांतीही मोठी हवी.

ओबोची धार १ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे संवादातली व्यंजनं जिथे असतात तिथेच. संवाद सुरू व्हायच्या किमान ५ सेकंद आधी तो थांबवा. कॉयर आणि तंबोरा संवादाखाली १२–१५ डेसिबल उतरवून चालू ठेवता येतात, ओबो नाही.

खोलीचा_प्रतिध्वनी
रिव्हर्बबद्दल कोणी बोललं नाही, आणि गेमच्या मेनूसारखं वाटण्याचं निम्मं कारण तेच असतं.

५ सेकंदांचा हॉल लावलात आणि कॉर्ड ७ सेकंदांनी बदलली, की जुन्या कॉर्डची शेपटी नवीनमध्ये घुसते. ए आणि सी दोन्हींत आहेत, त्यांचं काही बिघडत नाही. पण शेपटीतला ई आणि नवा एफ अर्ध्या स्वरावर एकत्र येतात आणि तेवढा क्षण गढूळ होतो. दर वेळी. ई गाणाऱ्याला कॉर्ड बदलायच्या दीड-दोन सेकंद आधी हळूच थांबवा. किंवा नुसता कॉयरचा सेंड, म्हणजे रिव्हर्बकडे जाणारा आवाज, तेवढ्यापुरता ६ डेसिबल उतरवा. प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा उशीर) ५० मिलिसेकंद ठेवा म्हणजे आवाज पुढे आणि खोली मागे राहते. रिव्हर्बचा परतावा २०० हर्ट्झखाली आणि ४.५ किलोहर्ट्झच्या वर कापा. दगडी इमारतीतही उंच स्वर हवेत लवकर विरतात. चकचकीत वरचं टोक ठेवणारा रिव्हर्ब ताबडतोब संगणकाचा वाटतो.

तंबोऱ्यावर रिव्हर्ब नको. अगदी कोरडा, जवळचा ठेवा. कॉयर लांब आणि तंबोरा कानाशी, हे अंतर प्रत्यक्षात शक्य नसतं आणि म्हणूनच अंगावर येतं. खरा तंबोरा मिळाला तर माइक घोडीपासून ४०–५० सेंटीमीटरवर, किंचित भोपळ्याकडे वळवून. घोडीवर सरळ रोखला तर बोटाचा टकटकाट जास्त येतो. चार तारांची एक फेरी ५ ते ६ सेकंदांत. कॉर्डच्या ७.१ सेकंदांशी ती जुळत नाही, ते बरंच आहे, दोन्हींची सुरुवात वारंवार एकत्र पडत नाही.

१०० हर्ट्झखालचं सगळं मोनो करा.

रीळबाज
चित्रपटावरून कानाने सूर उचलणार असाल तर एक खाच आहे. युरोपातल्या पाल डीव्हीडीवर २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने चालतो. वेग ४ टक्के वाढतो आणि सूर सुमारे ७० सेंट, म्हणजे पाऊण अर्धस्वराच्या जरा खाली, चढतो. अल्बमशी ताडून पाहताना सगळं चुकलंय असं वाटेल. ब्लू-रे २४ फ्रेमची असेल तर ही अडचण येत नाही.

चुंबकीफीत
एक मतभेद नोंदवतो. वर सगळे जण काळोख कसा दाट करायचा ते सांगताहेत. मूळ तुकडा तसा नाही. सुरुवातीच्या कॉयरनंतर तो उजळत जातो, पियानो आणि गिटार मोकळे होतात, सतार येते. शीर्षकातच सावलीचे भाऊ आणि प्रकाशाचे पुत्र दोघेही आहेत. फ्रिकेने १९७० च्या 'आफेनष्टुंडे'त मोठ्या मूग सिंथेसायझरपासून सुरुवात केली, पण १९७२ च्या 'होझियाना मंत्रा'पर्यंत तो पियानो, ओबो, तंबोरा आणि मानवी आवाजाकडे वळला होता. मूग पुढे क्लाउस शुल्झेकडे गेला. म्हणजे 'नोस्फेरातू'चा कॉयर भीतीसाठी जमवलेला नाही, तो प्रार्थनेच्याच घराण्यातला आहे. हर्झॉगने तो ममींवर ठेवला आणि तो भीतीचा झाला. क्राउटरॉक (सत्तरच्या दशकातलं जर्मन प्रयोगशील रॉक) म्हटलं की लोक ढोल आणि सिक्वेन्सर शोधतात, इथे तसं काहीच नाही. टँजरिन ड्रीमचं 'द कीप' (१९८३) ऐका, तिथे सिंथेसायझर आहेत आणि काळोख अगदी वेगळ्या मार्गाने येतो.

व्यवहारात याचा अर्थ असा: गायकांना "भीतीदायक गा" असं सांगू नका. सांगितलंत तर घसा आवळतात, सूर खाली सरकतो आणि सोळा थरांत ते ढोंग सोळापट होतं. शांत, भक्तीचं काही गातोय असं गाऊ द्या. दृश्य बाकीचं करेल.

मंद्रसाधक
हे मान्य. फक्त दीड मिनिटात उजळायला वेळ नाही. काळीचौकट, तुमच्याकडे ७.१ सेकंदांच्या जेमतेम बारा कॉर्ड बसतात. पहिल्या दोन नुसत्या तंबोऱ्याला द्या, कॉयर तिसरीपासून आणा, ओबो सातवीच्या मध्यावर, कॉर्ड बदलताना नाही. अकरावीला कॉयर एफ वरच सोडून द्या, ए मायनरवर परत आणू नका. उरेल फक्त तंबोरा, त्याचा षड्ज, आणि त्यातला शुद्ध गंधार, जो इतका वेळ कॉयरखाली दबला होता. चुंबकीफीत म्हणतात तो प्रकाश तेवढ्यात येतो, वेगळा पियानो लागत नाही.

काळीचौकट
अकरावीवर कॉयर सोडायची कल्पना पटली, तिथेच कॅमेरा शेवटच्या दारापाशी थांबतो. एक राहिलं: गंमत म्हणून मूळ तुकडाच ३० सेकंद वापरला तर?

रीळबाज
दोन वेगळ्या परवानग्या लागतात, एक रचनेची आणि एक त्या रेकॉर्डिंगची. हक्क बहुधा वेगवेगळ्या हातांत असतात. "३० सेकंदांपर्यंत चालतं" असा काही नियम नाही. महोत्सवाच्या अर्जात संगीताच्या परवानग्या लेखी मागतात आणि ऑनलाइन टाकलंत तर यंत्रच ओळखतं. आधी एडिटमध्ये तात्पुरतं लावूनही ठेवू नका. दहा वेळा पाहिलं की त्याच्याशिवाय दुसरं काही बसतच नाही, मग स्वतःचं कितीही बरं झालं तरी फिकं वाटतं. एडिट शांततेवर करा, आणि तंबोऱ्याची फेरी तयार झाली की तीच पहिल्यांदा खाली टाका.